उजव्या बाजूचे दोन दात

४ जून

प्रिय लिंबू,

पार्सल उघडताना दचकू नकोस. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला आहे तो दातांचा साचा, वरचा आणि खालचा, आमच्या सात नंबरचा. वरचे उजव्या बाजूचे दोन दात गेलेत. ते तू करून द्यायचेस. इथल्या दातांच्या डॉक्टरांना मी सांगून टाकलं की दात करणारं माझं हक्काचं माणूस आहे, तुम्ही साचा तेवढा माझ्या हातात द्या.

सहा महिने एक ओळ नाही आणि काम निघाल्यावर बरी आठवण झाली, असं तू म्हणणार. म्हण. मी बास्केटबॉलच्या हॉलमध्येच राहते असं आई म्हणते, ते काही खोटं नाही. पंधरा वर्षं खेळले, तीन वर्षं सरांच्या हाताखाली शिट्ट्या आणि बॉल सांभाळले, आता नऊ वर्षं स्वतः शिकवतेय. गुडघ्यातले दोन स्क्रू थंडीत अजून ठणकतात. एवढं करून निवड संघाच्या प्रशिक्षकपदासाठी माझं नाव पुढे गेलंय, हे तुला पहिल्यांदा सांगतेय.

सात नंबर एकोणीस वर्षांची आहे. तुझ्यासारखीच बुटकी आणि तुझ्यासारखीच उलट बोलणारी. सेमीफायनलच्या पहिल्या हाफला सुटलेल्या बॉलमागे धावताना ती तोंडावर आपटली. दुसरी कोणी असती तर स्ट्रेचर मागवावा लागला असता. हिने रुमालाचा बोळा तोंडात कोंबला आणि दुसरा हाफ खेळली. चौदा पॉइंट केले. त्यांच्या उंच मुलीच्या बरगडीत असं कोपर घातलं की ती जागेवर वाकून ओकली, आणि रेफरीला दिसलंही नाही. आम्ही तीनने जिंकलो. शेवटी रुमाल काढला तेव्हा तो भिजून जड झाला होता. पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. मला भरून आलं, खरं सांगते.

गल्लीतून गेलेली पोर आहे ती. गल्ली मी अजून चालवते, तुला आठवत असेलच. मोठ्या मुलींच्या दोन रांगा, मधून नवीन मुलीने बॉल घेऊन रिंगपर्यंत जायचं, आणि रांगेतल्यांनी कोपर, खांदा, गुडघा, जे जमेल ते चालवायचं. रडली तर परत पहिल्यापासून. हल्लीच्या आया तक्रार करतात. मी त्यांना माझा गुडघा दाखवते.

तीस जूनला संघाचा फोटो आहे आणि निवड कमिटी हजर असणार. सात नंबर तिथे बोळकं घेऊन उभी राहिली तर नसते प्रश्न निघतील. तेवढ्याआत दे. कोणाला बोलू नकोस.

आई विचारत असते, ती छोटी हल्ली असते कुठे. तिला ऐकू येत नाही म्हणून मी दोनदा ओरडून सांगते. आता आमच्या शेजाऱ्यांनाही तुझा पत्ता पाठ झालाय.

घाईतली,
शिडी

११ जून

प्रिय शिडे,

साचा शाबूत पोचला. टॉवेल मात्र माझा निघाला. कोपऱ्यात माझा चार नंबर अजून दिसतोय. बावीस वर्षं माझ्या टॉवेलाने अंग पुसत होतीस, आणि वर मलाच काम सांगतेस.

प्रशिक्षकपदाचं वाचून आनंद झाला. माझी खोली आहे तशीच आहे, चप्पल दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर. खिडकीखाली लांब टेबल, मेण, स्पिरिटचा दिवा आणि मांडणीवर ओळीने साचे. सासूबाई आत पाऊल टाकत नाहीत. म्हणतात, एवढी तोंडं आणि एकही बोलत नाही, मला भीती वाटते. त्यांची स्वतःची कवळी मीच केलेली आहे, तेव्हा सगळ्यांच्या वाटचं त्या बोलून घेतात.

कामाला लागले आहे. पण एक विचारायचं आहे. माणूस तोंडावर आपटला की खालच्या दातांनाही बहुधा धक्का लागतो, कडा उडतात, हनुवटी फुटते. हिचे खालचे दात कोरे करकरीत आहेत. वरचे दोन मात्र गेले, आणि शेजारचा सुळा आत, टाळूकडे वळलाय. पडली म्हणतेस ती कशी पडली? समोरून की कुशीवर? रेफरीने खेळ थांबवला असेल, तेव्हा कोणीतरी नीट पाहिलं असेल.

उगाच विचारत नाही. दोन दातांच्या प्लेटला तारेचा आकडा लागतो, तो मी सुळ्यात अडकवते. सुळा हलका झाला असेल तर मला मागे दाढेपर्यंत जावं लागेल. मुलीला सुळ्याला हात लावून बघायला सांग आणि मला कळव.

आईंना माझा नमस्कार. ओरडून सांग.

लिंबू

१६ जून

प्रिय लिंबू,

सुळा हलतो. दाढेला अडकव.

बाकीचं काय उकरत बसलीस? कोर्टवर नाही, मध्यंतराला सामानाच्या खोलीकडे जाताना पायरीवर आपटली. पायरी ओली होती. मी घाईत लिहिलं, तुला तपशील हवेत हे मला काय माहीत. तू दात करतेस की पंचनामा?

तुला खेळ सोडून इतकी वर्षं झाली की रक्त म्हटलं की तुझे हातपाय गार पडत असतील. आपण काय कमी मार खाल्ला? त्या कारखान्याच्या संघाविरुद्ध माझी भुवई फुटली तेव्हा तूच चिकटपट्टी लावलीस आणि म्हणालीस, डोळा आहे ना, मग खेळ. त्यांच्या कॅप्टनने तुझी वेणी धरून तुला खाली पाडलं होतं. पुढच्या रीबाउंडला मी तिच्या पायावर सगळं वजन टाकून उतरले. हाड मोडल्याचा आवाज मला आला होता. तू हसलीस. आपण दोघी हसलो. त्या दिवसाइतकं सुख मला नंतर कशात मिळालेलं नाही, लपवत नाही मी.

तेव्हा दात पाठव. आज सोळा तारीख आहे.

शिडी

२० जून

शिडे,

दात सोबत आहेत. डबी हळू उघड. प्लेट दाढेला अडकवली आहे, पहिले आठ दिवस टोचेल. मुलीचे दात अडवून तुझ्याकडून खरं वदवून घ्यावं असं एक दिवस मनात आलं होतं. जमलं नाही. डबीत तिच्यासाठी चिठ्ठी आहे, बसत नसतील तर या पत्त्यावर कळव, एवढीच. तू वाचणारच, म्हणून चिकटवलेली नाही.

आता ऐक. माझ्या मांडणीवर सगळ्यात मागे एक जुना साचा आहे. तो माझा. ज्या उस्तादांनी माझे दात केले त्यांच्याकडेच मी पुढे काम शिकले, आणि शिकून झाल्यावर त्यांनी तो मला दिला. काल मी तो पुढे काढला आणि सात नंबरच्या साच्याशेजारी ठेवला. दोन दात माझे गेलेले, दोन तिचे. सुळा माझा आत वळलेला, तिचा आत वळलेला. खालचे दात माझेही कोरे, तिचेही. पायरी इतकी मोजून मारत नाही. अशी एकच वस्तू मला ठाऊक आहे. सरांची चाली समजावायची फळी. कोर्ट रंगवलेली, कडेला पितळी पट्टी मारलेली. निरोप समारंभात सरांनी ती तुझ्या हातात दिली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

एकच फरक आहे. माझे डाव्या बाजूचे गेले, तिचे उजव्या बाजूचे. उजव्या हाताने मारणाऱ्याचा फटका समोरच्याच्या डाव्या गालाकडे बसतो. सर उजवे होते. आपल्यात डावरी कोण, ते तुला सांगायला नको.

तुझ्या गावात दात करणारे काय कमी आहेत? पण साचा तू माझ्याकडेच पाठवलास. चुकून पाठवलास, की कोणीतरी ओळखावं म्हणून, हे तुझं तुला माहीत.

बावीस वर्षांत आपण हे एकदाही बोललो नाही, म्हणून लिहिते. सामानाच्या खोलीत बॉलच्या जाळीला पाठ टेकून मी उभी होते. सरांनी सांगितलं होतं शेवटचा पास शिडीला दे, आणि मी स्वतः रिंगकडे बॉल टाकला होता. चुकला. सर दाराकडे वळले, मला वाटलं गेले, आणि वळतावळता फळी आडवी आली. आधी आवाज आला, मग तोंडात काहीतरी खड्यासारखं फिरायला लागलं. मी ते थुंकले. तू दारात होतीस. सर बाहेर गेले, तू आत आलीस, तुझ्या शर्टाने माझं तोंड दाबलंस आणि म्हणालीस, "पडलीस म्हणून सांगायचं. पायरी ओली होती. कळलं?"

मी मान हलवली. डॉक्टरला तूच सांगितलंस. माझ्या बाबांनाही तूच सांगितलंस, आणि बाबांनी सरांचे दोन्ही हात धरून त्यांचे आभार मानले, मुलीला वेळेवर दवाखान्यात नेलंत म्हणून. पुढच्या महिन्यात तू कॅप्टन झालीस.

सरांचा मला राग होता तो कधीच विझला. तुझ्या त्या वाक्याचा मात्र अजून येतो. त्या मुलीला काय सांगितलंस ते तुझ्या मागच्या पत्रात आहे. पायरीसुद्धा बदलली नाहीस.

लिंबू

९ जुलै

लिंबू,

दोन आठवडे हे पत्र लिहीत होते आणि फाडत होते. आता फाडणार नाही.

हो, मारलं. झालं समाधान? नऊने मागे होतो. मी फळीवर दाखवत होते की आतून घुसायचं, आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, आत त्यांची उंच मुलगी उभी आहे, तुम्ही सांगता तसं होणार नाही." बरोबर होतं तिचं. म्हणूनच माझं डोकं फिरलं. डोळ्यांपुढे लाल झालं असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं. तिचा ओठ दिसत होता, वरच्या ओठावरचा घाम दिसत होता, आणि हात आपण होऊन गेला. दात जमिनीवर पडले तेव्हा एक पोर खाली बसली, बाकीच्या भिंतीला चिकटल्या. मला त्या क्षणी बरं वाटलं. पुरतं, पोटातून बरं वाटलं. मग मी तिला रुमाल दिला.

आणि पुढे काय झालं ते बघ. तिने चौदा पॉइंट केले. आयुष्यातला सगळ्यात चांगला हाफ खेळली. हे कोणी केलं? तुझ्याबाबतीतही सरांनी चुकीचं केलं असेल, पण मी घडले ती त्यांच्याच हाताखाली. तू मात्र दोन दातांसाठी खेळ सोडलास, दोनाचे चार हात केलेस आणि चपलांच्या दुकानावर लोकांच्या कवळ्या घासत बसलीस. घाबरलीस सरांना, म्हण की तसं. संघात तुझं नाव होतं तसंच होतं, लिंबूटिंबू. त्यापलीकडे तू कधी गेलीच नाहीस.

माझी निवड झाली आहे. पत्र आलंय. फोटोही झाला, ती तुझे दात लावून उभी होती, तोंड मिटून. दुखापतीच्या वहीत कारण लिहिलेलं आहे, पडल्यामुळे, खाली तिची सही आहे. ती काही बोललेली नाही. तूही बोलणार नाहीस. साचे फोडून टाक.

शिडी

१५ जुलै

शिडे,

साचे फोडलेले नाहीत. कुठे पाठवणारही नाही. तोंड त्या मुलीचं आहे, उघडायचं की नाही ते ती ठरवेल. माझ्या वेळी ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

लिंबूटिंबू वाचून हसू आलं. ते नाव तूच ठेवलं होतंस, आणि इतकी वर्षं मला ते लाडाचं वाटत होतं.

पण मी घाबरून खेळ सोडला, हे एक तू चुकीचं धरून बसली आहेस. चूक माझी, मीच कोणाला खरं सांगितलं नाही. कधी घरच्यांचं कारण दिलं, कधी लग्नाचं. खरं आता लिहिते. दात बसवून परत आले त्या दिवशी गल्ली होती. रांगेत मी होते. नवीन मुलगी आली, सोळा वर्षांची, घाऱ्या डोळ्यांची. माझ्यासमोरून जाताना तिने एकदा वर पाहिलं. मी तिचं बोट धरलं आणि मागे वळवलं. चुकून नाही. काडकन आवाज येईपर्यंत वळवलं. ती किंचाळली तेव्हा माझ्या तोंडातलं दुखणं थांबलं. इतके दिवस कुठल्याही गोळीने थांबलं नव्हतं ते तिच्या किंचाळण्याने थांबलं. आणि मला वाटलं, आता उद्या माझ्या हातात कोण सापडेल.

मी त्याच दिवशी बूट पिशवीत घातले. सरांना नव्हते घाबरले, शिडे. मी मलाच घाबरले. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आले असते तर आज मीही कोणाचे तरी दात पाडत असते, आणि तुझ्यासारखीच म्हणाले असते की बघा, किती छान खेळते.

तुझी सात नंबर अजून तिथे आहे. तिच्या तोंडात मी केलेली प्लेट आहे आणि ती दुखत असणार. गल्लीत ती आता कुठल्या रांगेत उभी राहते, तेवढं बघ.

लिंबू

१२ ऑगस्ट

प्रिय लिंबू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आता तूच एक उरली आहेस जिला हे सांगता येईल.

मी बघितलं नाही. तू सांगून बघितलं नाही. उलट त्या दिवशी सात नंबरला मीच रांगेच्या टोकाला, रिंगपाशी उभी केली, कारण तिथून कोणी सुटत नाही. चौदा नंबर नवीन आहे, पंधरा वर्षांची, अजून बुटांच्या नाड्या नीट बांधता येत नाहीत तिला. अर्ध्या गल्लीतच ती लंगडायला लागली होती, तरी बॉल सोडला नाही. सात नंबरपाशी आली, उडी मारली, आणि सात नंबरने कोपर नाही वापरलं. तिने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि रिंगच्या खांबावर आपटलं. एकदा, आणि परत एकदा. दुसऱ्या वेळी गरज नव्हती. चौदा नंबर केव्हाच सैल पडली होती. नाक चेहऱ्यात गेलं होतं. रक्त खांबावरून खाली उतरत होतं, आणि मी शिट्टी तोंडात धरून उभी होते, फुंकली नाही. सांगते तुला, फुंकली नाही. सवयीने वाट बघत होते की ती उठते का.

पोरींनीच तिला उचलून कपडे बदलायच्या खोलीत नेलं. डॉक्टरला फोन करून मी तिकडे गेले तर दार लोटलेलं होतं. आत सात नंबर तिच्या शेजारी बसली होती. तिच्या तोंडावर टॉवेल दाबून धरला होता, फार हळू, आईसारखा. आणि हळूच म्हणत होती, "पडलीस म्हणून सांगायचं. पायरी ओली होती. कळलं?"

लिंबू, ते वाक्य मी माझ्या तोंडून दोनदा काढलंय. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला दार उघडवेना. मी तिथेच, बुटांच्या कपाटाला धरून खाली बसले. आत चौदा नंबरने मान हलवली असणार, कारण सात नंबर म्हणाली, "शाबास."

मग मी आत गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, ही पडलेली नाही. आणि सात नंबरही पडली नव्हती, मी मारलं होतं.  सगळ्यांना माहीत होतंच, मी बोलले त्याचंच त्यांना नवल वाटलं.  सात नंबरने तुझी प्लेट तोंडातून काढली आणि माझ्या अंगावर फेकली. लागली नाही. लागली असती तर बरं वाटलं असतं, आणि तसं वाटायचाही मला हक्क नाही, हे मला कळतंय.

दुखापतीच्या वहीत जूनची नोंद खोडून खाली लिहिलं, प्रशिक्षकाने फळीने मारल्यामुळे. कमिटीला तीन पानी पत्र दिलं. त्यात तुझंही लिहिलं, तुला न विचारता, माफ कर. मी दारात उभी राहून पाहिलं आणि डॉक्टरला खोटं सांगितलं, ते तारखेसकट लिहिलं. निवड रद्द झाली आहे, हॉलची किल्ली परत घेतली. फळी कमिटीने पिशवीत घालून नेली. चौदा नंबरचं नाक डॉक्टरांनी सरळ केलंय, पण डाव्या डोळ्याला अजून अंधूक दिसतं. तिची आई दवाखान्याच्या जिन्यात माझ्या थोबाडीत मारून गेली. मी उभी राहिले.

सरांकडेही गेले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, पलंगावरच असतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना तू आठवली नाहीस. फळी आठवली. म्हणाले, पट्टी सैल झाली असेल, दोन खिळे मारून घे.

मी बाहेर येऊन रस्त्यात उभ्याने रडले. त्यांच्यासाठी मी तुला खोटं बोलायला लावलं होतं.

सात नंबर वसतिगृहातून निघून गेली आहे. कुठे गेली कोणाला माहीत नाही, प्लेट माझ्याकडेच आहे. दोन सप्टेंबरला कमिटीसमोर बसायचं आहे. ती आली नाही तर कमिटी म्हणेल, मॅडमचं डोकं फिरलंय, आणि प्रकरण मिटवतील. तसं तीन जणांनी मला सुचवूनही झालं. ती कुठे असेल?

शिडी

२१ ऑगस्ट

शिडे,

ती माझ्याकडे आहे.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी आली. माझी चिठ्ठी तिने जपून ठेवली होती. जिन्यात उभी होती, हातात एक पिशवी, ओठ दाताविना आत गेलेला. म्हणाली, "बसत नव्हते." मी आत घेतलं. सासूबाईंनी तिला बघून एक शब्द काढला नाही, आणि आमच्या घरात असं या आधी कधी झालेलं नाही. तिला स्वतःच्या पलंगावर निजवलं आणि आपण खाली.

दोन दिवस ती माझ्या टेबलाशी बसून होती. मेण वितळताना बघायची. तिसऱ्या दिवशी मांडणीवरचे दोन साचे तिला दिसले. स्वतःचा ओळखला. दुसरा हातात घेतला, जिभेने आपल्या हिरडीवरची जागा चाचपली, आणि विचारलं, हा कोणाचा. मी म्हटलं, माझा. तिने दोन्ही समोरासमोर धरले. 

"मॅडमनी तुम्हालाही मारलं होतं?"

मी म्हटलं, "नाही. मारलं सरांनी. तुझ्या मॅडमनी फक्त सांगितलं, पडलीस म्हणून सांग."

ती म्हणाली, "ते जास्त लागतं."

मग रडली. चौदा नंबरसाठी रडली, शिडे, स्वतःसाठी नाही. म्हणत होती, तिचं डोकं किती हलकं होतं, मला माहीत नव्हतं डोकं इतकं हलकं असतं. मी तिला गप्प केलं नाही. मला त्या घाऱ्या डोळ्यांच्या मुलीचं नावही माहीत नाही, आणि मी तिच्यासाठी कधी रडले नव्हते. मग आम्ही दोघीही रडलो.

तू केलंस ते बरं केलंस. पण त्यासाठी मी तुला जवळ घेईन असं समजू नकोस, एवढ्यात तरी नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं, सरांसकट. ती शेवटी म्हणाली, मॅडम खांबापाशी उभ्या राहिल्या आणि शिट्टी फुंकली नाही, हे त्यांनी स्वतः लिहिलंय? मी कागद तिच्या हातात दिला. तिने ती ओळ बोट ठेवून वाचली.

दोन तारखेला आम्ही येतो आहोत. ती सांगणार आहे, तुझं आणि स्वतःचंही. चौदा नंबरच्या आईसमोर उभी राहणार आहे. थोबाडीत बसली तर बसू दे म्हणाली. मी दोन्ही साचे तुझ्या त्या टॉवेलात, म्हणजे माझ्याच टॉवेलात, गुंडाळून आणते. तिची नवी प्लेट झाली आहे. सुळा आता हलत नाही, तेव्हा त्यालाच आकडा अडकवलाय. जुनी तुझ्याकडे राहू दे.

कमिटीवाले मलाही विचारतील, इतकी वर्षं का गप्प बसलात.  मी दात लावून येईन, नमस्कार करीन, खुर्चीवर बसेन, आणि मग त्यांच्यासमोर टेबलावर काढून ठेवीन. सात नंबर म्हणाली, मीही काढीन. तू दाराजवळ उभी राहू नकोस या वेळी. आत येऊन बस, आमच्या समोर, आम्हाला दिसशील अशी.

लिंबू